संशोधन सहायकाच्या मुलाखतीत नेमके काय पाहिले जाते?

पुण्याहून नगरकडे येणारी एसटी शिरूरजवळ घोड नदीचा पूल ओलांडते आणि काही वेळातच पारनेर तालुक्यातील सुपा येते. जिराईत शेते, डोंगरावरील पवनचक्क्या आणि औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या शेड असे येथील चित्र आहे. कृषी किंवा विज्ञान शाखेची पदव्युत्तर पदवी घेऊन घरी परतलेल्या येथील तरुणासमोर दोन वाटा असतात. पहिली वाट घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कारखान्याच्या फाटकाकडे जाते. दुसऱ्या वाटेसाठी पहाटेची एसटी पकडून आधी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि तेथून मनमाड रस्त्याने राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ गाठावे लागते. तेथे कोणत्या तरी संशोधन योजनेत सहायक नेमण्यासाठी थेट मुलाखत ठेवलेली असते. दहा-पंधरा मिनिटांच्या त्या मुलाखतीसाठी उमेदवार अर्धा दिवस प्रवास करतो. तयारी मात्र तो बहुधा चुकीच्या गोष्टीची करून गेलेला असतो.

नोकरीची मुलाखत म्हणजे पाठांतराची परीक्षा, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. व्याख्या घोकाव्यात, मुख्यमंत्र्यांपासून राज्यपालांपर्यंतची नावे पाठ करावीत, इस्त्रीचा सदरा घालावा आणि 'हो सर' म्हणावे, असा सल्ला गावोगाव मिळतो. संशोधन सहायकाच्या मुलाखतीला हा सल्ला फारसा लागू पडत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणालाच ठाऊक नाही, त्या प्रश्नावर काम करण्यासाठी तेथे माणूस हवा असतो. त्यामुळे उमेदवाराला किती ठाऊक आहे याइतकेच, तो पाहतो कसे, नोंद कशी ठेवतो आणि चूक झाली तर ती सांगतो की लपवतो, यालाही तेथे महत्त्व असते.

पद कोणते, पैसा कोणाचा?

'संशोधन सहायक' या नावाखाली प्रत्यक्षात अनेक प्रकारची पदे येतात. कृषी विद्यापीठांच्या मंजूर आकृतिबंधातील कनिष्ठ व वरिष्ठ संशोधन सहायक ही नियमित पदे असून त्यांची भरती वेगळ्या पद्धतीने होते. थेट मुलाखतीने भरली जातात ती पदे बहुतांशी योजनेपुरती असतात. कनिष्ठ संशोधन अधिछात्र, ज्येष्ठ संशोधन अधिछात्र, प्रकल्प सहायक, प्रकल्प सहयोगी, यंग प्रोफेशनल अशी त्यांची नावे आहेत. त्यांचा पैसा भारतीय कृषी अनुसंधान परिषद, केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, राज्य शासन किंवा एखादी खासगी संस्था यांच्याकडून येतो. योजना संपली की पदही संपते. 'ही नेमणूक निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची असून उमेदवारास विद्यापीठ सेवेत कायम होण्याचा हक्क राहणार नाही' अशा आशयाचे वाक्य जाहिरातीत असते, त्याचे कारण हेच.

देशातील कृषी संशोधनाचा मोठा भाग 'अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प' या चौकटीत चालतो. १९५७ मध्ये मक्यापासून या पद्धतीची सुरुवात झाली. राज्यांच्या कृषी विद्यापीठांत चालणाऱ्या अशा प्रकल्पांचा ७५ टक्के खर्च परिषद आणि २५ टक्के खर्च राज्य उचलते. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरी विद्यापीठातील ज्वारी सुधार प्रकल्प याच चौकटीतील आहे. एकाच वाणाची चाचणी देशात अनेक केंद्रांवर एकाच पद्धतीने घेतली जाते आणि सर्वांच्या नोंदी एकत्र करून निष्कर्ष काढला जातो. एका केंद्रावरील सहायकाने नोंदवलेला आकडा अशा रीतीने देशाच्या कोष्टकात जातो. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या बियाण्यामागे असे असंख्य आकडे उभे असतात. या साखळीतील पहिला दुवा म्हणजे सकाळी वाफ्यात उतरून कणसे मोजणारा सहायक.

मानधनाबाबतही स्पष्टता हवी. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२३ मध्ये काढलेल्या आदेशानुसार १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रास दरमहा ३७,००० रुपये आणि ज्येष्ठ अधिछात्रास ४२,००० रुपये, तसेच नियमानुसार घरभाडे भत्ता असे दर ठरले. हे दर नेट, गेट यांसारख्या राष्ट्रीय परीक्षेतून किंवा राष्ट्रीय पातळीवरील निवडीतून आलेल्या अधिछात्रांसाठी आहेत. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण नसलेल्यांना साधारणपणे प्रकल्प सहायक किंवा सहयोगी म्हणून, कमी मानधनावर घेतले जाते. निरनिराळ्या योजनांचे दर निरनिराळे असल्याने जाहिरातीत छापलेला आकडाच प्रमाण मानावा.

जाहिरात हाच अभ्यासक्रम

थेट मुलाखतीची जाहिरात जेमतेम पान-दीड पानाची असते. उमेदवार त्यातील तारीख, पात्रता आणि मानधन वाचतो. योजनेच्या लांबलचक नावाकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही. वास्तविक त्या नावातच अर्धी प्रश्नपत्रिका दडलेली असते. योजना रब्बी ज्वारीच्या अवर्षण सहनशीलतेवर असेल, तर समिती फळबागांविषयी फारसे विचारणार नाही. योजनेचे प्रमुख अन्वेषक कोण आहेत, त्यांनी पूर्वी कशावर काम केले आहे, त्या पिकाचे कोणते वाण विद्यापीठाने दिले आहेत, एवढे पाहून गेलेला उमेदवार पहिल्या दोन मिनिटांतच वेगळा उठून दिसतो.

रब्बी ज्वारीचेच उदाहरण घेता येईल. हे पीक पेरणीनंतरच्या पावसावर फारसे अवलंबून नसते. पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर ते वाढते. म्हणून जमिनीची खोली निर्णायक ठरते. हलक्या, उथळ जमिनीसाठी 'फुले अनुराधा', मध्यम जमिनीसाठी 'फुले सुचित्रा', भारी जमिनीसाठी 'फुले वसुधा' आणि पाण्याची सोय असलेल्या भारी जमिनीसाठी 'फुले रेवती' अशा राहुरीच्या शिफारशी आहेत. ही यादी पुस्तकातून पाठ करता येते. समितीचा प्रश्न मात्र 'कोणते वाण?' येथे थांबत नाही. 'हलक्या जमिनीला वेगळे वाण कशासाठी? एकच चांगले वाण सगळीकडे का नको?' असा तो पुढे जातो. उथळ जमिनीतील ओल लवकर संपते, त्यामुळे तेथे लवकर पक्व होणारे पीक तगते, तर खोल जमिनीत ओल अधिक काळ टिकत असल्याने उशिरा पक्व होणाऱ्या वाणाला आपले पूर्ण उत्पादन देता येते. हे कार्यकारण ज्याला उमगले आहे, त्याला यादी विसरली तरी उत्तर रचता येते.

कागदपत्रांची बाबही येथेच सांगणे योग्य. मूळ गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र, जातीचा व वैधतेचा दाखला, अनुभवाची पत्रे आणि साक्षांकित प्रतींचा एक संच जाहिरातीत दिलेल्या क्रमानेच लावून न्यावा. प्रबंधाची प्रत सोबत असावी. प्रवासभत्ता बहुधा मिळत नाही, हे गृहीत धरूनच निघावे.

'का?' या प्रश्नाशी गाठ

मुलाखतीची सुरुवात बहुतेक वेळा उमेदवाराच्या स्वतःच्या प्रबंधापासून होते आणि बरेच जण नेमके येथेच अडखळतात. शीर्षक सांगता येते, निष्कर्ष सांगता येतात. 'हाच प्रयोग अशा पद्धतीने का मांडला?' या प्रश्नावर मात्र शांतता पसरते. 'मार्गदर्शकांनी सांगितले म्हणून' हे उत्तर प्रामाणिक असले तरी पुरेसे नाही.

कृषी शाखेच्या उमेदवाराला हमखास विचारला जाणारा प्रश्न 'रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन'चा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतील 'आरबीडी'चा. सहा वाणांची तुलना करायची आहे आणि प्रत्येक वाण चार वेळा पेरायचे आहे, असे समजू. एकूण २४ वाफे झाले. आता कोणता वाफा कोठे टाकायचा? व्याख्या पाठ असलेला उमेदवार ती म्हणून दाखवतो. समितीतील एखादा सदस्य मग विचारतो, 'पण गट पाडायचेच कशासाठी?'

याचे उत्तर सुप्याच्या शेतकऱ्याच्या घरी रोजच्या बोलण्यात असते. येथील कित्येक शेते उताराची आहेत. माळाकडची बाजू मुरमाड आणि उथळ असते, तर ओढ्याकडची बाजू काळी आणि खोल. एकाच दिवशी पेरलेली ज्वारी माळाच्या कडेला आधी सुकते आणि ओढ्याच्या कडेला उशिरापर्यंत हिरवी राहते. आता एखादे वाण चारही वेळा ओढ्याच्या बाजूलाच पेरले, तर मिळालेले जादा उत्पादन वाणाचे म्हणायचे की ओलीचे? हा घोटाळा टाळण्यासाठी शेताच्या उताराला आडव्या अशा चार पट्ट्या पाडतात. एका पट्टीतील जमीन शक्यतो एकसारखी असावी, हा हेतू. प्रत्येक पट्टीत सहाही वाण येतात आणि पट्टीतील त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. त्यामुळे माळाचा तोटा आणि ओढ्याचा फायदा सर्व वाणांच्या वाट्याला सारखाच येतो. पुढे गणितात जमिनीमुळे पडलेला फरक वेगळा काढता येतो. २४ वाफ्यांच्या २३ स्वातंत्र्य मात्रांपैकी ३ पट्ट्यांच्या, ५ वाणांच्या आणि उरलेल्या १५ त्रुटीच्या. वाणांमधील फरक खरा की योगायोगाचा, हे या त्रुटीच्या मापानेच ठरते.

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात १९१९ मध्ये रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी ही पद्धत विकसित केली. भारतातील कृषी पदवीधरांच्या पिढ्यांनी ती प्रामुख्याने पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून शिकली. त्यांपैकी पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध या गावचा. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. दुष्काळी टापूतील गावातून आलेल्या माणसाने जगाच्या अन्नाचा हिशेब मांडला, ही बाब सुप्याच्या उमेदवाराने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ग्रामीण उमेदवाराचे खरे भांडवल हेच असते आणि मुलाखतीला जाताना नेमके तेच तो घरी ठेवून जातो. शेतीची पार्श्वभूमी सांगितली तर आपण मागासलेले ठरू, अशी धास्ती त्याच्या मनात असते. वस्तुतः 'आमच्या शेतात माळाकडची ज्वारी आधी सुकते, म्हणून पट्ट्या उताराला आडव्या पाडाव्या लागतील' एवढे एक वाक्य पाठ केलेल्या दहा व्याख्यांपेक्षा अधिक बोलके ठरते. ते निरीक्षण आणि पुस्तकातील तत्त्व यांची सांगड घालणे, हीच या मुलाखतीची खरी तयारी.

'ठाऊक नाही' म्हणण्याचे धैर्य

प्रश्नांच्या ओघात एक क्षण असा येतो की उमेदवाराला उत्तर येत नाही. अनुभवी समिती अनेकदा मुद्दाम तेथवर नेते. उमेदवाराच्या ज्ञानाची हद्द कोठे आहे आणि त्या हद्दीवर तो कसा वागतो, हे तिला पाहायचे असते. काही जण गप्प होतात. काही जण ठोकून देतात. संशोधनात यांपैकी दुसरी सवय अधिक घातक, कारण जो मुलाखतीत अंदाजाला वस्तुस्थितीचे रूप देतो, तो उद्या नोंदवहीतही देईल. 'हे मला ठाऊक नाही. पण शोधायचे झाल्यास मी अमुक मोजून पाहीन' हे उत्तर या दोन्हींहून सरस आहे. त्यात प्रामाणिकपणाही आहे आणि पुढची दिशाही.

प्रामाणिकपणा पडताळण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे अडचणीचा प्रसंग पुढे ठेवणे. 'कापणीच्या आदल्या रात्री मोकाट जनावरांनी एक वाफा फस्त केला. अहवाल उद्या पाठवायचा आहे. काय कराल?' शेजारच्या वाफ्यांवरून अंदाजे आकडा भरण्याचा मोह येथे स्वाभाविक आहे. योग्य उत्तर असे की, नोंदवहीत तो वाफा 'नष्ट' म्हणून कारणासह लिहायचा, योजनाप्रमुखांना त्याच दिवशी कळवायचे आणि पृथक्करणाच्या वेळी गहाळ वाफ्याची पद्धत वापरायची. फ्रँक येट्स या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत गणिताच्या सोयीसाठी एक किंमत काढतात, पण त्या बदल्यात त्रुटीची एक स्वातंत्र्य मात्रा कमी करतात. वरील उदाहरणात ती १५ ऐवजी १४ होईल. म्हणजे गमावलेल्या माहितीची किंमत उघडपणे मोजली जाते. उमेदवाराला येट्स यांचे नाव आठवले नाही तरी चालते. रिकामी जागा रिकामी म्हणून दाखवायची असते, हे त्याला कळले पाहिजे.

पारनेरच्या शेजारी नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने पावसाची नोंद ठेवून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली आणि त्यानुसार पिके ठरवली. त्या ताळेबंदाचा पाया खरी नोंद हाच आहे. पर्जन्यमापकातला आकडा सोयीने फुगवला असता तर फसवणूक गावाचीच झाली असती. संशोधन सहायकाची नोंदवही याहून वेगळी नसते.

भाषेचा संकोच

ग्रामीण उमेदवाराची आणखी एक अडचण इंग्रजीची. प्रबंध इंग्रजीत लिहिलेला, पारिभाषिक शब्द इंग्रजीत शिकलेले आणि विचार मात्र मराठीत. समिती इंग्रजीत प्रश्न विचारते तेव्हा निम्मी शक्ती वाक्य जुळवण्यात खर्च होते. राज्यातील विद्यापीठांत परवानगी मागून मराठीत उत्तर देण्यात कमीपणा नाही, मात्र संशोधनाचे अहवाल इंग्रजीत लिहावे लागतात हेही तितकेच खरे. यावर उपाय साधा आहे. आपल्या प्रबंधाचा सारांश पाच वाक्यांत, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत, मोठ्याने बोलून पाहावा. मराठीतील सारांश घरच्या वडीलधाऱ्यांना ऐकवावा. त्यांना तो समजला नाही, तर उमेदवारालाही विषय पुरता समजलेला नाही असे मानण्यास हरकत नाही. 'तुमचे निष्कर्ष एखाद्या शेतकऱ्याला सांगा' असा प्रश्न कृषी विद्यापीठाच्या मुलाखतीत येऊ शकतो, तेव्हा ही तालीम उपयोगी पडते.

परीक्षा निवड समितीचीही

मुलाखतीत केवळ उमेदवारच पारखला जातो असे नाही. संस्थेचीही पारख होत असते. याचे सर्वांत बोलके उदाहरण एका मराठी संशोधिकेच्या चरित्रात आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. गुणवत्ता निर्विवाद असूनही केवळ स्त्री म्हणून त्यांना नकार मिळाला. त्यांनी तो मानला नाही आणि प्रवेशासाठी आग्रह धरला. अखेर पहिले वर्ष चाचणीचे राहील अशा अटींवर त्यांना घेण्यात आले. वर्षभरातील काम पाहून रामन यांनी त्यांचा प्रवेश नियमित केला आणि संस्थेची दारे अन्य मुलींनाही उघडली. पुढे केंब्रिज येथे बटाट्यातील सायटोक्रोम-सी या घटकावर संशोधन करून १९३९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्या निवडीत चूक झाली ती परीक्षकाची आणि परीक्षक जगद्विख्यात होता.

या उदाहरणाचे महत्त्व आजही आहे. 'मुलाखत नावापुरतीच असते, माणूस आधीच ठरलेला असतो' हे वाक्य एसटी स्थानकापासून चहाच्या टपरीपर्यंत ऐकू येते. प्रत्येक वेळी ते खरे नसते, तसेच प्रत्येक वेळी निराधारही नसते. थेट मुलाखतीत मोजक्या सदस्यांच्या मताला फार वजन असल्याने संशयाला जागा राहते. ती कमी करण्याचा मार्ग म्हणजे गुणांची विभागणी आधी जाहीर करणे. पदवीला किती गुण, राष्ट्रीय परीक्षेला किती, अनुभवाला आणि प्रसिद्ध निबंधांना किती, मुलाखतीला किती, हे जाहिरातीतच असावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच. डी. नियमावलीत विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भारांश ठेवण्यात आला, त्यामागेही मुलाखतीचे वजन मर्यादित ठेवण्याचा विचार दिसतो. निवड न झालेल्या उमेदवाराला माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये स्वतःच्या गुणांची माहिती मागण्यासाठी अर्ज करता येतो. तो भांडणासाठीच करायचा असतो असे नाही. पुढच्या वेळी नेमके कोठे सुधारायचे, हे त्यातून समजू शकते.

उमेदवारानेही विचारावे

मुलाखतीच्या अखेरीस 'तुम्हाला काही विचारायचे आहे का?' असे विचारले जाते तेव्हा बहुतेक जण मान हलवून उठतात. ही संधी दवडू नये. सुप्यातील तरुणाने घराजवळच्या कारखान्यातील नोकरी सोडून राहुरीला खोली घ्यायची ठरवली, तर त्याच्या घराचा हिशेब बदलणार आहे. योजना आणखी किती काळ चालणार आहे? नेमणूक किती महिन्यांची आणि मुदतवाढ कशावर अवलंबून? अनुदान येण्यास विलंब झाला तर मानधनाचे काय? काम करत असताना पीएच. डी.ला नोंदणी करण्याची मुभा आहे का? सहायकाने मिळवलेल्या नोंदींवर निबंध प्रसिद्ध झाल्यास त्यात त्याचे नाव असेल का? हे प्रश्न नम्रपणे विचारले तर कोणताही समंजस प्रमुख रागावत नाही. उलट, हा माणूस विचार करून आला आहे, असे त्याचे मत होते. ज्या ठिकाणी अशा प्रश्नांनी कपाळाला आठ्या पडतात, त्या ठिकाणचा पुढचा अनुभव कसा असेल याचा अंदाजही तेथेच बांधता येतो.

राहुरीत घेतलेली ही तयारी इतरत्रही उपयोगी पडते. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, 'आयसर' किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ येथील प्रकल्पांच्या मुलाखतींत पिकाऐवजी रसायन किंवा पेशी असते, पण 'का?' हा प्रश्न तोच असतो. अमेरिकेतील विद्यापीठांत 'ग्रॅज्युएट रिसर्च असिस्टंट' ही पद्धत आहे. तेथे विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षण घेत असतानाच प्राध्यापकाच्या संशोधन निधीतून आठवड्याला साधारण २० तास काम करतो आणि त्या बदल्यात बहुधा शुल्कमाफी व विद्यावेतन मिळवतो. तेथील मुलाखत म्हणजे अनेकदा प्राध्यापकाशी संगणकाच्या पडद्यावरून झालेला अर्ध्या तासाचा संवाद असतो. समिती नसते, कागदपत्रांचा संच नसतो. परंतु विद्यार्थ्याने प्राध्यापकाचे काम वाचले आहे का, स्वतःच्या प्रयोगातील चुका तो मोकळेपणाने सांगतो का, हेच तेथेही पाहिले जाते. अनेक अमेरिकी विद्यापीठांनी मान्य केलेल्या संकेतानुसार अर्थसाहाय्याच्या प्रस्तावाला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. निर्णयासाठी वेळ मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, हे आपल्याकडील उमेदवारांनी आणि संस्थांनीही लक्षात घ्यावे.

दोन वाटांचा हिशेब

कारखान्याची वाट कमी प्रतीची आणि संशोधनाची वाट उच्च, असे म्हणण्याचे कारण नाही. दरमहा ठरलेल्या तारखेला येणारा पगार अवर्षणप्रवण तालुक्यातील कुटुंबाला काय आधार देतो, हे तेथील माणसालाच ठाऊक. योजनेतील सहायकपद दोन-तीन वर्षांत संपू शकते आणि त्यानंतर पुन्हा जाहिराती शोधण्याची वेळ येऊ शकते. हा धोका पत्करायचा की नाही, हे प्रत्येकाने आपल्या घरची परिस्थिती पाहून ठरवावे. मात्र 'आपल्याला इंग्रजी येत नाही', 'आपण खेड्यातले', 'तेथे आपला निभाव लागणार नाही' अशा कारणांनी ती वाट सोडली जाऊ नये. कारण रब्बी ज्वारीवरील प्रयोगाला ज्या नजरेची गरज आहे, ती अशाच शेताच्या बांधावर घडते.

मुलाखतीला निघण्यापूर्वी एक छोटी तयारी कोणालाही करता येण्याजोगी आहे. एक वही घ्यावी आणि पंधरा दिवस रोज एकाच शेताच्या दोन कडांना जाऊन पिकाची उंची, पानांची स्थिती आणि जमिनीतील ओल यांच्या नोंदी कराव्यात. ज्या दिवशी जाणे जमले नाही, त्या दिवसाची ओळ कोरी ठेवून कारण लिहावे. समितीपुढे बसल्यावर बोलण्यासारखे काहीतरी स्वतःचे आणि खरे त्या वहीत निश्चितच सापडेल.